मागच्या खिडकीचा कचरा: गिरगावातल्या एका घरगल्लीचं प्रकरण

गिरगावात, ठाकूरद्वारच्या आसपासची एक चाळ. तळमजला आणि वर तीन मजले, साठेक बिऱ्हाडं. प्रत्येक खोलीला पुढे गॅलरी, मागे मोरी, मोरीवर गजांची खिडकी. खिडकीखाली घरगल्ली, म्हणजे दोन चाळींच्या पाठींमध्ये सोडलेली फट. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. याच फटीतून मोऱ्यांचे आणि संडासांचे बिडाचे पाइप खाली उतरतात, आणि याच फटीत वर्षानुवर्षं वरून कचरा पडत आला.

चाळीतल्या पंधरा-वीस मुलामुलींनी २०२२ च्या पावसाळ्यापासून या गल्लीच्या मागे लागून काय केलं, त्यातलं काय टिकलं आणि काय फसलं, ते इथे मांडते आहे. मी जवळच्याच वाडीत वाढले आणि समाजकार्य शिकणाऱ्या मुलांना शिकवते, त्यामुळे हे प्रकरण जवळून बघता आलं. चाळीचं आणि माणसांचं नाव देत नाही. त्यांना रोज एकमेकांची तोंडं बघायची आहेत.

गल्ली कुणाची

घरगल्लीची व्याख्या १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातच आहे. सांडपाणी वाहून जावं किंवा संडास साफ करणाऱ्यांना मागून आत येता यावं म्हणून राखलेली वाट, असा तिचा अर्थ. टोपलीच्या संडासांचा काळ होता तो. मैला उचलणारा माणूस पुढच्या जिन्याने यायला नको, कुणाच्या दृष्टीला पडायला नको, म्हणून ही मागची वाट. जातीचं गणित बांधकामातच घातलेलं होतं. १८९६ साली मांडवीत प्लेग सापडला, दोन वर्षांनी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, हवा-उजेडाचे नियम आले. पुढे फ्लश आले आणि टोपल्या गेल्या. गल्ली मात्र राहिली, आणि तिथे आपण पाऊल ठेवायचं नसतं ही समजूतही राहिली.

मालकाला विचारावं, तर १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठवलेली भाडी १९९९ च्या नव्या कायद्यानंतरही फारशी हललेली नाहीत. महिन्याच्या भाड्यात एक नळ दुरुस्त होत नाही, तो गल्ली कशाला बघेल? इमारत उपकरप्राप्त, म्हणजे १९६९ च्या दुरुस्ती मंडळाच्या कायद्याखाली आलेली. त्या वेळी शहर भागात अशा १९ हजारांहून जास्त इमारती नोंदल्या गेल्या होत्या. पण त्या सरकारी मंडळाचं काम इमारत पडू नये हे बघण्याचं. भाडेकरूंचं म्हणणं असं की आम्ही फक्त खोलीचे. थोडक्यात गल्ली कुणाचीच नव्हती, आणि पावसाळ्यात ती फक्त तळमजल्याची व्हायची.

कचरा टाकणारे बहुतेक वरच्या मजल्यांवरचे, भोगणारे खालचे. जुलैत दोन-तीन तास सलग पाऊस लागला की गल्लीतला गटाराचा चेंबर तुंबायचा आणि काळं पाणी तळमजल्याच्या मोऱ्यांमधून उलटं घरात यायचं. घुशी तर बाराही महिने. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे मूषक संहारक रात्री बॅटरी आणि काठी घेऊन अशाच गल्ल्यांतून फिरतात, एका माणसाला रात्रीचे ३० उंदीर असं लक्ष्य असतं. या गल्लीत त्यांना ते सहज गाठता येत असावं. २०२२ च्या जुलैत तळमजल्यावरचा एक कॉलेजातला मुलगा लेप्टोने, म्हणजे उंदीर-घुशींच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाने, आजारी पडला. आठवडाभर दवाखान्यात राहून तो बरा झाला, पण चाळीच्या मंडळाच्या मुलांनी गल्लीचा विषय घेतला तो तेव्हा.

श्रमदान

मंडळ म्हणजे चाळीचं गणेशोत्सव मंडळ. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला, त्या परंपरेची ऐट इथल्या प्रत्येक मंडळाला असते. त्यामुळे पहिलं पाऊल मंडळाच्या सवयीचंच पडलं: बॅनर, श्रमदान, पथनाट्य. वर्गणीतून गमबूट, हातमोजे, घमेली आणि फावडी आली. एका रविवारी मुलं गल्लीत उतरली.

पहिल्या मजल्यावरचे एक आजोबा महापालिकेच्या मलनिस्सारण खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी एकच अट घातली: चेंबरचं झाकण कुणी उघडायचं नाही, आत हात घालायचा नाही. हाताने मैला साफ करायला लावणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि हौसेने केलं तरी विषारी वायू हौस ओळखत नाही, असं त्यांनी गॅलरीतून ओरडून सांगितलं. चेंबरसाठी वॉर्ड ऑफिसला अर्ज गेला आणि तिथून यंत्र येऊन ते काम झालं. मुलांनी फक्त वरचा थर काढला. काचा, ब्लेडं, इंजेक्शनच्या सुया आणि गुडघाभर चिखल. पथनाट्यात कचऱ्याचा राक्षस होता. काकूंनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले.

दसऱ्यापर्यंत गल्ली पुन्हा पावलं बुडतील इतकी भरली.

मुंबईत असे रविवार शेकड्याने होतात आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर नाही. जनजागृती या प्रकारात एक गृहीतक असतं की समोरच्याला कळत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला खाली घाण होते हे कळत नसेल? तिची सासू तळमजल्यावर राहते!

ताडपत्रीवरचा पंचनामा

दिवाळीनंतर मुलांनी केलेली गोष्ट साधी होती आणि तीच निर्णायक ठरली. कल्पना सीएची आर्टिकलशिप, म्हणजे ऑफिसातली उमेदवारी, करणाऱ्या एका मुलीची. ऑफिसात तिला रोज व्हाउचर तपासावी लागतात. तिचं म्हणणं, आधी नोंदी बघू, मग माणसांना बोलू. गल्ली पुन्हा साफ करताना निघालेला ताजा कचरा फेकून न देता चौकात ताडपत्रीवर पसरला आणि नगागणिक लिहून काढला. वास असह्य होता. दोन मुलं अर्ध्यातून उठून गेली.

निघालं ते असं. दुधाच्या रिकाम्या पिशवीत भरलेला चहाचा चोथा. बोंबलाची डोकी आणि कोलंबीची सालं. केसांचे गुंते. डायपर. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पुड्या, ज्यांच्याकडे मुलं बघत नव्हती. गोळ्यांची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, वेफर्सची चकचकीत पाकिटं. देवाची सुकलेली फुलं भरपूर, कारण निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नसतं, खिडकीतून मात्र चालतं.

आर्टिकलशिपवाल्या मुलीला दिसलं ते वेगळंच. बऱ्याचशा पिशव्यांना गाठ मारलेली होती. काहींना तर दोनदा, एकीत एक घालून. नुसती भिरकावलेली साल, सिगारेटचं थोटूक, खोकला आला म्हणून फेकलेला कागद, हे सगळं सवयीचं. पण ज्या बाईने ओला कचरा पिशवीत भरला, हवा काढली, गाठ मारली, तिने तो कुणाच्या तरी हातात देण्यासाठीच बांधला होता. मग तो खिडकीतून का गेला?

उत्तर घड्याळात होतं. चाळीचा सफाईवाला, ज्यांना सगळे मामा म्हणतात, सकाळी साडेआठला वरच्या मजल्यापासून सुरुवात करायचे, कारण महापालिकेची गाडी नऊच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी उभी राहते. साडेआठला घरात कोण असतं? निवृत्त माणसं, घरी असलेल्या सुना, दुकानवाले. जी बाई पहिल्या पाळीला हॉस्पिटलात आया म्हणून जाते, जी पहाटे पोळीभाजीचे डबे करून सातला बाहेर पडते, ज्या घरात नवराबायको दोघंही सव्वासातची लोकल धरायला निघतात, त्यांच्या दाराला तेव्हा कुलूप. डबा गॅलरीत ठेवून जावं तर मांजर तो लोळवतं आणि संध्याकाळी शेजारणीशी भांडण ठरलेलं. आत ठेवावा तर रात्रीच्या माशाचा कचरा दहा बाय पंधराच्या खोलीत चोवीस तास. त्याच खोलीत पोरगं झोपतं आणि अभ्यास करतं.

मुलांनी मजल्यामजल्यावर जाऊन एकच प्रश्न विचारला: तुम्ही घरातून किती वाजता निघता? कचरा कुठे टाकता, हे मुद्दाम विचारलं नाही. निघण्याच्या वेळा कागदावर मांडल्या आणि ज्या खिडक्यांखाली गाठीच्या पिशव्या जास्त सापडल्या त्यांच्याशी ताडून पाहिल्या. फार हुशारीची गरज पडली नाही.

रात्रीची फेरी

उपाय असा ठरला. रात्री साडेनऊ ते दहा प्रत्येक मजल्याच्या जिन्यापाशी झाकणाचे दोन ड्रम, ओला आणि सुका. दहा वाजता ते खाली नेऊन जुन्या मीटरच्या खोलीत कुलपात ठेवायचे, सकाळी मामांनी तिथूनच न्यायचे. ज्यांना सकाळी देणं जमतं त्यांनी सकाळी द्यावं.

ओला आणि सुका वेगळा करण्याची सक्ती २०१६ च्या घनकचरा नियमांपासून आहेच. २०१७ च्या ऑक्टोबरपासून महापालिकेने मोठ्या सोसायट्यांना, म्हणजे वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा दिवसाला शंभर किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांना, ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. ही चाळ त्या मर्यादेच्या आतच बसते. सोसायटी नाही, सेक्रेटरी नाही, त्यामुळे नोटीस कुणाच्या नावाने काढायची हाही प्रश्नच. शहरातल्या कचऱ्याच्या बहुतेक योजना सोसायटी नावाच्या वस्तूला डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. चाळीत त्या जागी मंडळ असतं, आणि मंडळाला सरकारी कागदावर रकाना नसतो.

पहिले काही आठवडे फेरी झकास चालली. मुलं पाळ्या लावून ड्रम उतरवायची, थोडी गंमत, थोडा भाव मारणं. गाठीच्या पिशव्या गल्लीत दिसेनाशा होत गेल्या. निर्माल्यासाठी वेगळं मडकं ठेवलं, त्याला सगळ्यात लवकर दाद मिळाली.

गच्चीवरची बैठक

पण वर्तमानपत्राच्या पुड्या पडतच होत्या. मुलांच्या यादीत त्यांची नोंद ‘इतर’ या रकान्यात झाली होती. कुणी तो रकाना उघडून बोलायला तयार नव्हतं.

गटातल्या मुलींनी मग गच्चीवर वेगळी बैठक घेतली, फक्त बायकांची. मला तिथे बोलावलं म्हणून मी ऐकलं. चाळीत संडास सामायिक, गॅलरीच्या टोकाला. आत डबा नाही. पॅड बदलल्यावर ते हातात घेऊन दहा-बारा दारांसमोरून आपल्या खोलीपर्यंत यायचं, दारात सासरा पेपर वाचत बसलेला. खोलीत आल्यावर ते ठेवायचं कुठे, तर घरातल्या एकाच डब्यात, जो दीर बाहेर नेऊन ठेवतो. मोरीची खिडकी हाताशी असते आणि काही विचारत नाही. एक आजी म्हणाल्या, आमच्या वेळी धुवून वाळवायचो, तेही लपूनच. तुमचं सुटलं म्हणायचं तर टाकायला जागा नाही.

बायकांच्या संडासात झाकणाचा पायाने उघडणारा डबा आला. शेजारी खिळ्याला जुन्या वर्तमानपत्रांचे चौकोन आणि दोरीला बांधलेलं लाल स्केचपेन. पुडीवर लाल ठिपका काढायचा, म्हणजे उचलणाऱ्याला न उघडता कळतं. लाल ठिपक्याची ही मोहीम मुळात पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची. त्या बायकांना रोज दुसऱ्यांच्या पुड्या उघड्या हातांनी चाळाव्या लागायच्या, त्यातून ती निघाली. मामांनी याला चटकन होकार दिला. त्यांचं म्हणणं एवढंच, की इतकी वर्षं मला हे हाताने वेगळं करावं लागतं, आज पहिल्यांदा कुणी विचारलं.

२०२५ च्या एप्रिलपासून महापालिकेने नोंदणी करणाऱ्यांकडून हा कचरा वेगळा उचलायची सेवा सुरू केली आहे. मुलींनी अर्ज भरला. मालकाची सही हवी म्हणून कुणीतरी तो मालकाच्या माणसाकडे दिला आणि तो त्याच्याकडेच आहे.

मामांचा संप

आता या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी इथे थांबवते.

सुका कचरा वेगळा साठू लागला तसा मुलांना त्यात पैसा दिसला. पुठ्ठा, प्लॅस्टिकच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्र्याचे डबे. दर रविवारी भंगारवाला चौकात यायला लागला. येणारे पैसे मंडळाच्या खात्यात जायचे, त्यातून नवे हातमोजे आणि मुलांसाठी टीशर्ट आले. टीशर्टवर मंडळाचं नाव आणि ‘कचऱ्यातून सोनं’. जो तो कौतुक करत होता. एका सोमवारी मामा आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. ड्रम वाहू लागले, आणि बुधवारी रात्री पुन्हा वरून पिशव्या पडल्या.

फोन केला तर तब्येत बरी नाही म्हणाले. खरं कारण त्यांच्या बायकोने दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंना सांगितलं. मामांना घरटी महिना ८० रुपये मिळायचे, आणि सगळी घरं देत नव्हती. त्यांचं घर त्यावर चालतच नव्हतं. चालायचं ते सुक्यावर. गाडीत टाकण्याआधी डब्यांतून पुठ्ठा, बाटल्या, पिशव्या बाजूला काढायच्या आणि आठवड्याला विकायच्या. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. चाळीला स्वच्छता इतक्या स्वस्तात मिळत होती, कारण उरलेला पगार कचरा देत होता. मुलांनी ड्रमला कुलूप लावलं आणि तो पगार उचलून टीशर्टात घातला.

मुलांना हे ऐकून वाईट वाटलं, पण सगळ्यांनाच पटलं नाही. मंडळाच्या एका जुन्या कार्यकर्त्याचं म्हणणं होतं की वेगळं आपण करतो, साठवतो आपण, मग पैसे आपलेच. त्यावर आर्टिकलशिपवाल्या मुलीने हिशेब मांडला. मामा सोडून गेले तर रोज सकाळी साठ घरांचा कचरा गाडीपर्यंत नेणारा माणूस किती घेईल? त्याचे पैसे कोण देईल? बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मुलांनी मामांच्या घरी जायचं ठरवलं. मंडळाचे अध्यक्ष आले नाहीत.

ठरलं ते असं. सुका कचरा सगळा मामांचा. मुलांनी तो फक्त कोरडा आणि वेगळा राहील हे बघायचं, ज्याचा फायदा मामांनाच, कारण माशाच्या पाण्यात भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारवाला हात लावत नाही. घरटी रक्कम ८० वरून १२०. वाढीव पैशांतून मामांच्या भाच्याला रात्रीच्या फेरीचे पैसे द्यायचे. म्हणजे जी फेरी मुलं फुकट करत होती ती पगारी झाली.

याला काहींनी उपक्रम गुंडाळला असं म्हटलं. मला नेमकं उलट वाटतं. परीक्षा जवळ आल्या होत्या, दोघांना नोकरी लागली होती, एक मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला गेली होती, पाळ्यांमध्ये रोज भोकं पडत होती. फुकट राबणारी तरुण मुलं हा रोज लागणाऱ्या कामाचा आधार होऊ शकत नाही, आणि तसा आधार ती झालीच तर कुणाची तरी मजुरी पाडतात. मुंबईत हजारो माणसं याच सुक्या कचऱ्यावर जगतात. धारावीतलं तेरा नंबर कंपाउंड, भंगाराची मोठी वस्ती, त्यावरच उभं आहे. तरुणांनी या साखळीत उतरायचं तर आधी तिथे कोण उभं आहे ते बघायला हवं.

या तडजोडीने आणखी एक वाद मिटला, जो दर चाळीत आणि दर सोसायटीत ऐकू येतो: आपण वेगळं करून काय उपयोग, पुढे सगळं एकच होतं. इथे सुकं गाडीपर्यंत जातच नाही. गाडीत जातो तो जवळजवळ निव्वळ ओला कचरा. मुंबईच्या कचऱ्यात सगळ्यात मोठा वाटा ओल्याचाच आहे. या भागातला कचरा महालक्ष्मीच्या हस्तांतरण केंद्रावरून पुढे जातो, आणि शहराचा बहुतेक कचरा आता कांजूरमार्गला पोचतो. महालक्ष्मीहून कचरा पूर्वेला धाडण्याची रीत जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथून चेंबूरकडे कचऱ्याची आगगाडी जायची. चेंबूरजवळच्या देवनारची क्षेपणभूमी, म्हणजे कचरा टाकायचं मैदान, १९२७ पासूनची. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. गटातल्या एका मुलाची आत्या देवनारला लागूनच, गोवंडीला राहते. गिरगावातला ड्रम आणि तिचा दमा यांचा संबंध जोडायला त्याला पथनाट्य लागलं नाही.

जे जमलं नाही

खत. सगळ्यांना पहिल्यांदा हेच सुचतं आणि इथेही सुचलं. चौकात ड्रम ठेवला, भोकं पाडली. पण माशांचा कचरा, आमटीचं पाणी आणि वर घालायला सुका पाला नाही, कारण चाळीत झाड एकच, तेही औदुंबराचं आणि पवित्र. अळ्या झाल्या, घुशींनी ड्रम कुरतडला, दुचाकी लावायची जागा गेली म्हणून भांडणं झाली. प्रयोग बंद. निर्माल्याचं खत मात्र होतं. झेंडू आणि दूर्वा कोरड्या असतात, दोरे आणि प्लॅस्टिकच्या माळा आधी काढल्या की काम सोपं. ते खत औदुंबरालाच जातं.

दंड. सार्वजनिक जागी कचरा टाकला तर २०० रुपये दंड, अशी तरतूद २००६ च्या उपविधींनी केली. घरगल्लीत तो कुणाला लावणार? वरून कुणाच्या खिडकीतून पडलं हे खालून दिसत नाही. एका मुलाने कॅमेरा लावायचं सुचवलं. मुलींनी तो प्रस्ताव तिथेच मोडून काढला, कारण मागच्या खिडक्या मोरीच्या असतात आणि मोरीत आंघोळ करतात. मंडळाच्या बैठकीत हे मोठ्याने सांगावं लागलं.

वेफर्सची आणि शाम्पूची पाकिटं. यांना भंगारात भाव नाही, मामाही घेत नाहीत. ती ओल्याबरोबर गाडीत जातात. गल्लीत पडलेल्या कचऱ्यात आता त्यांचंच प्रमाण जास्त दिसतं. गाठीशिवाय, सुटी. हा भाग सवयीचा आहे आणि मुलांचा त्यावर अजून काही इलाज चाललेला नाही.

आणि दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी. कुणाची ते सगळ्यांना माहीत आहे. गृहस्थ एकटे राहतात, कुणाशी बोलत नाहीत, ड्रम दारात ठेवून पाहिला, मामांनी बेल वाजवून पाहिली. रोज एक पिशवी पडते. मुलांनी आता तिचा पाठलाग सोडला आहे, भाचा आठवड्याला गल्लीत जाऊन उचलतो.

सध्या

२०२३ आणि २०२४ च्या पावसाळ्यात तळमजल्याच्या मोऱ्यांतून पाणी उलटं आलं नाही. याचं सगळं श्रेय फेरीला देता येणार नाही, चेंबरची सफाई वेळेवर झाली हेही आहे. त्यासाठी एप्रिलमध्येच अर्ज देण्याची जबाबदारी तळमजल्यावरच्या त्याच मुलाने घेतली आहे, ज्याला लेप्टो झाला होता. तो आता नोकरीला लागला आहे आणि वॉर्ड ऑफिसला सकाळी दहाच्या आत जाऊन पोच घेऊन येतो.

चाळीचा पुनर्विकास व्हायचा आहे. बिल्डरच्या वास्तुविशारदाने नकाशे दाखवायला बैठक घेतली तेव्हा लोक कार्पेट एरियाबद्दल आणि बिल्डरकडून मिळणाऱ्या कॉर्पस फंडाबद्दल विचारत होते. मुलींनी तीन गोष्टी विचारल्या: कचऱ्याची खोली कुठे आहे, तिचं दार रात्री किती वाजेपर्यंत उघडं असेल, आणि मामांना नव्या इमारतीत काम असेल का. पहिल्याचं उत्तर नकाशात होतं. दुसरं सोसायटीने ठरवायचं म्हणाले. तिसऱ्याला हाऊसकीपिंग एजन्सी असेल असं सांगितलं गेलं, त्यावर गोंधळ झाला आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

तोवर घरटी रक्कम १२० वरून १५० करायची आहे. सात घरांनी अजून जुनीच वाढ मान्य केलेली नाही. त्यांच्याकडे कुणी जायचं यावर मंडळात चर्चा चालू आहे.